शिपिंग बिल भरलेल्या कांद्याला जुनाच नियम लावा

प्रति,
केंद्रीय वाणिज्य आणि अर्थ मंत्रालयांत निर्यातीच्या अधिसूचना काढणारे सर्व अधिकारी,
नवी दिल्ली

महोदय, महोदया,
सविनय नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतला राहते. गेली 17 वर्षं कांदा निर्यातीची कागदपत्रं करते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोचा म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याच्या दाखल्याचा अर्ज, शिपिंग बिलाची म्हणजे सीमाशुल्क खात्याकडे भरायच्या निर्यात अर्जाची चेकलिस्ट, कंटेनरच्या ई-सीलचा म्हणजे इलेक्ट्रॉनिक सीलचा नंबर, बीएलचा म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीचा मसुदा. इथल्या खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायका आणि दुबईला किंवा कोलंबोला तो उतरवून घेणारा व्यापारी, यांच्यामध्ये जेवढा कागद लागतो तो सगळा माझ्या टेबलावरून जातो.

देशात कांदा महागला तरी सरकारने हात बांधून बसावं, असं मला म्हणायचं नाही. माझी धाकटी बहीण ठाण्यात भाड्याच्या घरात राहते. कांदा 70-80 रुपये किलो झाला की तिचा पहिला फोन मलाच येतो, आणि तिची तक्रार खोटी नसते. निर्यात कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची, हा अधिकार 1992 च्या विदेशी व्यापार कायद्याने तुम्हाला दिला आहे. तो कसा वापरावा यावर वाद घालणारे माझ्यापेक्षा शहाणे लोक पुष्कळ आहेत. माझं म्हणणं एकाच गोष्टीपुरतं आहे. जो माल खळ्यावरून निघाला, ज्याचं शिपिंग बिल भरलं, ज्या कंटेनरला सील लागलं, त्याला त्या दिवशी जो नियम होता तोच लागू राहावा.

असं का म्हणते, ते एका संध्याकाळच्या गोष्टीवरून सांगते. 2023 च्या 7 डिसेंबरला निर्यातबंदीची अधिसूचना निघाली. त्या दिवशी आमच्या खळ्यावरून दोन रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारे कंटेनर, भरून गेले होते, प्रत्येकी 28 टन. लाल कांदा, 10 किलोच्या जाळीच्या गोण्या, दोन्ही एकाच खरेदीदाराचे. दोन्हींची शिपिंग बिलं मी एका पाठोपाठ भरली होती आणि ई-सीलं अर्ध्या तासाच्या फरकाने लागली होती. घाटात एक ट्रेलर बंद पडल्यामुळे मागचा कंटेनर रखडला. तो बंदराजवळ पोहोचला तेव्हा गेटपुढच्या रांगेत शेकडो गाड्या उभ्या होत्या. पुढच्या कंटेनरचं गेट-इन झालं होतं, म्हणजे तो बंदराच्या आत गेल्याची नोंद झाली होती.

बंदीच्या अधिसूचनेत काही सवलती होत्या, त्या मला पाठ आहेत. जहाजावर माल चढवायला सुरुवात झाली असेल तर तो जाईल. शिपिंग बिल भरलेलं असेल आणि जहाज बंदरात लागून त्याला रोटेशन नंबर, म्हणजे त्या फेरीचा नोंदणी क्रमांक, मिळालेला असेल तर जाईल. माल सीमाशुल्काच्या ताब्यात जाऊन त्याची नोंद झाली असेल, किंवा तो सीमाशुल्क केंद्राच्या हद्दीत आल्याची वेळेसकट नोंद असेल, तरीही जाईल. आमचा पुढचा कंटेनर यात बसला. मागचा गेटच्या बाहेर होता, तो बसला नाही. कांदा एकाच शेतातला, कागद एकाच हाताने केलेले, खरेदीदारही एकच. एक कंटेनर समुद्रावर गेला आणि एक परत फिरला.

परत फिरला म्हणजे लगेच फिरला असंही नाही. शिपिंग बिल रद्द करायचं, बॅक टू टाउनची, म्हणजे माल परत न्यायची, परवानगी घ्यायची, शिपिंग लाइनशी भांडायचं, या सगळ्यात तो एका यार्डात उभा राहिला. यार्डाचं नाव घेत नाही, कारण तिथल्या माणसांनी नियमाप्रमाणेच काम केलं. रीफरला वीज जोडायचं भाडं दिवसागणिक चढत होतं. ड्रायव्हर सुरगाण्याकडचा, विशीतला मुलगा. तो रोज सकाळी मला फोन करायचा, "ताई, आज निघू का?" 11 व्या दिवशी कंटेनर खळ्यावर आला. दार उघडलं तेव्हा मी तिथेच उभी होते. खालच्या थरातल्या गोण्यांतून पाणी ठिबकत होतं, वरच्या थरातल्या कांद्यांना बोटबोट लांब हिरवे कोंब आले होते. ज्या बायकांनी तो कांदा एकेक करून निवडला होता, त्यांनीच तो पुन्हा ओतून चांगला-वाईट वेगळा केला. एक मावशी नाकाला पदर लावून म्हणाल्या, "पोरी, हे आपण दुबईला पाठवणार होतो ना?" त्यांना काय सांगावं ते मला सुचलं नाही.

लाल कांदा म्हणजे उन्हाळ कांदा नव्हे, हे दिल्लीत बसून सहज लक्षात येत नसेल. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, भरला तर दिवाळीपर्यंत तग धरतो. लाल कांद्याला चाळ नसते. तो शेतातून निघाला की काही आठवड्यांत कुणाच्या तरी पातेल्यात जावा लागतो. डिसेंबरात रीफरमध्ये बसलेला लाल कांदा तुम्ही अडवला, तर तो देशातल्या ग्राहकाच्या ताटात येत नाही. तो उकिरड्यावर जातो, नाहीतर वाशीच्या बाजारात मिळेल त्या भावाने विकला जातो. ज्या महागाईसाठी बंदी घातली, तिच्यात त्या 28 टनांनी काडीचा फरक पडत नाही. पण 28 टन कांदा पिकवणाऱ्याला आणि पाठवणाऱ्याला त्याने फार फरक पडतो.

आता तुमच्याच तारखा तुमच्यापुढे ठेवते. 29 सप्टेंबर 2019, रविवार, निर्यातबंदी, त्याच दिवसापासून. 14 सप्टेंबर 2020, पुन्हा बंदी, त्याच दिवसापासून. 19 ऑगस्ट 2023, शनिवार, 40 टक्के निर्यात शुल्क, तेही तत्काळ. 28 ऑक्टोबर 2023, पुन्हा शनिवार, टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, दुसऱ्या दिवसापासून. 7 डिसेंबर 2023, बंदी, दुसऱ्या दिवसापासून.

याच्या शेजारी निर्बंध उठवल्याच्या तारखा ठेवा. 2019 ची बंदी उठवल्याची अधिसूचना 2 मार्च 2020 ला निघाली आणि निर्यात सुरू झाली 15 मार्चला. 2020 ची बंदी उठवण्याचा निर्णय 28 डिसेंबरला झाला, अंमल 1 जानेवारी 2021 पासून. 20 टक्के शुल्क काढल्याचं 22 मार्च 2025 ला जाहीर झालं, अंमल 1 एप्रिलपासून. दरवेळी असंच झालं असं नाही. 4 मे 2024 ला बंदी उठली ती लगेच उठली, आणि त्याबद्दल आम्ही आभारीच आहोत. पण या तीन वेळा तुम्ही चार दिवस, 10 दिवस, 13 दिवस आधी सांगितलं आणि त्याने काही बिघडलं नाही. बाजार समित्या चालू राहिल्या, बंदरं चालू राहिली. म्हणजे पुढची तारीख देऊन निर्णय जाहीर करणं तुम्हाला जमतं. ते बंधन उठवताना जमतं आणि घालताना जमत नाही, एवढंच.

19 ऑगस्ट 2023 चं उदाहरण अजून थोडं सांगते, कारण शुल्काचा फटका बंदीपेक्षा वेगळ्या वाटेने बसतो. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे निर्यात शुल्काचा दर शिपिंग बिल भरल्याच्या तारखेचा धरत नाहीत. कलम 51 खाली लेट एक्सपोर्ट ऑर्डर, म्हणजे माल बाहेर जाऊ देण्याचा हुकूम, मिळते त्या तारखेचा धरतात. शुक्रवारी शिपिंग बिल भरलं, माल आत गेला, पण तपासणी शनिवारवर गेली, तर शुल्क शनिवारचं. शुक्रवारी शून्य होतं, शनिवारी 40 टक्के झालं. हिशेब करून बघा. किलोला 25 रुपये धरले तर 28 टनांचा माल 7 लाखांचा. त्यावर शुल्क 2 लाख 80 हजार. आमच्यासारख्या मध्यम निर्यातदाराला किलोमागे रुपया-दीड रुपया सुटतो, म्हणजे एका कंटेनरमागे 28 ते 42 हजार. सौदा तर आठवड्यापूर्वीच ठरलेला असतो, खरेदीदार वाढीव पैसे देत नाही, आणि का द्यावेत त्याने? त्या सोमवारी, 21 ऑगस्टला, लासलगावचे लिलाव बंद राहिले. लोकांना वाटलं शेतकरी आणि व्यापारी चिडले म्हणून बंद. चिडले होतेच. पण बोली कितीची लावायची हेच त्या सकाळी कुणाला कळत नव्हतं, हेही तितकंच खरं.

यातूनच एक गोष्ट घडते, ती तुमच्या कुठल्याही आकडेवारीत दिसणार नाही. असा तडाखा एकदा बसला की निर्यातदार पुढच्या वर्षी लिलावात तेवढी जोखीम धरूनच बोली लावतो. अधिसूचना उद्या येईल की काय, या भीतीचे पैसे क्विंटलमागे 50, 100, कधी 200 रुपये शेतकऱ्याच्या भावातून वजा होतात. हे मी आमच्याच मालकांना करताना पाहिलं आहे, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही केलं असतं. ज्या वर्षी तुम्ही काहीच करत नाही, त्या वर्षीही शेतकरी या भीतीची किंमत मोजतो.

तुमच्याच विदेश व्यापार धोरणात परिच्छेद 1.05 आहे. एखादा माल मुक्त यादीतून प्रतिबंधित यादीत गेला, तर ज्याच्याकडे आधीच उघडलेली अपरिवर्तनीय एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी, आहे त्याला ती एलसी 15 दिवसांत नोंदवून उरलेला माल पाठवता येतो. ही तरतूद न्याय्य आहे आणि विचार करून केलेली आहे. पण कांदाबंदीच्या अधिसूचनेत एका ओळीत लिहिलेलं होतं की ही संक्रमणकालीन तरतूद इथे लागू नाही. गरज असते नेमकी त्याच दिवशी ती काढून घेतली. शिवाय ती लागू असती तरी आमच्यातल्या फार थोड्यांना तिचा उपयोग झाला असता. बांगलादेशचे खरेदीदार एलसी उघडतात. आखातातला कांद्याचा धंदा बहुतेक फोनवर आणि भरवशावर चालतो. थोडी आगाऊ रक्कम आणि बाकी माल पोहोचल्यावर. नाशवंत मालात एलसीची वाट पाहायला वेळ नसतो. म्हणून एलसीऐवजी शिपिंग बिल आणि सील यांना आधार धरा, असं मी म्हणते.

यावर तुम्ही काय म्हणाल याचा मी विचार केला आहे. आधी सांगितलं तर सगळे निर्यातीला धावतील, चार दिवसांत चार आठवड्यांचा माल बाहेर जाईल आणि भाव आणखी भडकेल. ही भीती मला रास्त वाटते. म्हणूनच मी आगाऊ सूचना मागत नाही. अधिसूचना हवी तेव्हा काढा, रात्री काढा, रविवारी काढा. फक्त तिच्या वेळेआधी जो माल निघाला आहे त्याला सोडा. अधिसूचना वाचून कुणालाही मागच्या तारखेचं शिपिंग बिल भरता येत नाही.

दुसरी शंका अशी येईल की लोक खोटी शिपिंग बिलं आधीच भरून ठेवतील. भरतील, अशी माणसं आमच्यातही आहेत. म्हणून नुसतं शिपिंग बिल पुरेसं धरू नका. ई-सील लावल्याची वेळ आणि कंटेनरचा नंबर तुमच्या प्रणालीत असतो. रिकाम्या कंटेनरला सील लावून कुणी फायटो घेऊन ठेवत नाही. बांगलादेशच्या सीमेवर पेट्रापोल किंवा घोजाडांग्याला ट्रकने जाणाऱ्या मालाची ट्रान्सपोर्टची बिल्टी असते, मालगाडीने जाणाऱ्याची रेल्वेची पावती असते. या सगळ्यांवर तारीख असते. 2020 च्या सप्टेंबरात बंगालच्या सीमेवर कांद्याचे ट्रक कित्येक दिवस उभे राहिले, तेव्हाही त्या प्रत्येक ट्रकच्या ड्रायव्हरकडे तारीख असलेला कागद होताच.

किमान निर्यात मूल्याबद्दल थोडंच बोलते, कारण तो वेगळा विषय आहे. टनाला 800 डॉलर म्हणजे किलोला साधारण 67 रुपये. 2024 च्या मे महिन्यात 550 डॉलर आणि वर 40 टक्के शुल्क, म्हणजे बंदरावरच किलोला 64 रुपयांच्या आसपास. बाहेरचा बाजार त्यापेक्षा खाली असला की कागदावरची किंमत आणि प्रत्यक्षात येणारे पैसे यांत फट पडते. मग ती एंट्री ईडीपीएमएसमध्ये, म्हणजे निर्यातीचे पैसे आले का ते पाहणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत, उघडीच राहते आणि दोन वर्षांनी बँक विचारते, उरलेले डॉलर कुठे आहेत? प्रामाणिक माणसाला लबाड ठरवणारी ही रचना आहे. शक्य असेल तर हे हत्यार वापरूच नका. बंदी परवडली, निदान ती सरळ असते.

खरेदीदारांविषयी लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. कांदा मिळत नाही म्हणून मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा घालू नको असं सांगितलं आहे, असं त्यांनी तिथल्या सभेत सांगितलं, आणि असं काही करण्याआधी निदान कळवत जा, अशी विनंती केली. शेजारच्या देशाच्या पंतप्रधानांना हे मागावं लागलं. आमचे दुबईचे, कोलंबोचे गिऱ्हाईक तेच मागतात, फक्त त्यांचं म्हणणं कुठे छापून येत नाही. नाशिकचा कांदा तिखट असतो, रंगाला चांगला असतो, वाटेत टिकतो, म्हणून त्यांना तो हवा असतो. पण हॉटेलांना आणि दुकानांना माल पुरवायचा शब्द त्यांनीही दिलेला असतो. आमचा माल दोनदा अडला की तिसऱ्यांदा ते पाकिस्तानातून, इजिप्तमधून, तुर्कस्तानातून घेतात. मग बंदी उठते, आम्ही पुन्हा फोन करतो. ते गोड बोलतात आणि निम्मी ऑर्डर देतात. उरलेली निम्मी दुसऱ्याकडे ठेवतात, कारण आमचा भरवसा त्यांनी मनातून काढलेला असतो. एका खरेदीदाराने मला सरळ विचारलं होतं, "मॅडम, आपका माल अच्छा है, लेकिन आयेगा क्या?" माल चांगला आहे याची हमी मी देऊ शकते, येईल याची हमी तुमच्या हातात आहे.

जानेवारी 2025 मध्ये तुम्ही विदेश व्यापार धोरणात 1.07अ आणि 1.07ब हे परिच्छेद घातले. धोरण बदलण्याआधी संबंधितांची मतं मागवायची, असं त्यात आहे, आणि तातडीच्या वेळी सरकार स्वतःहून निर्णय घेऊ शकेल असंही. कांदा नेहमी तातडीतच बसणार हे मला माहीत आहे. म्हणूनच तातडी नसताना, भाव शांत असताना, हे पत्र लिहिते आहे. मतं मागवायचीच असतील तर एका कागदपत्रं करणाऱ्या बाईचं हे मत समजा.

तुमचं काम सोपं व्हावं म्हणून वाक्य मीच लिहून देते. यापुढे कांद्याची, किंवा कुठल्याही नाशवंत मालाची, निर्यात रोखणारी किंवा तिच्यावर शुल्क लावणारी अधिसूचना निघेल, तेव्हा तिच्यात शेवटी हे घाला:

"या अधिसूचनेच्या प्रसिद्धीच्या वेळेपूर्वी ज्या मालाचे शिपिंग बिल दाखल झाले आहे, आणि जो माल ई-सील, ट्रकची बिल्टी किंवा रेल्वे पावतीच्या नोंदीनुसार रवाना झाला आहे, त्या मालाची निर्यात, तो बंदराच्या किंवा सीमाशुल्क केंद्राच्या आत असो वा वाटेत, प्रसिद्धीपूर्वीच्या अटी आणि दरांनुसार पुढील 15 दिवसांत करता येईल."

आपली,
पिंपळगाव बसवंत येथील कांदा निर्यातीची कागदपत्रं करणारी एक कर्मचारी